उघडी ओळ

लिफ्टचं दार नीट लागलं नाही की ती एक बारीक सूर धरते आणि दार लागेपर्यंत सोडत नाही. मुलुंडच्या त्या इमारतीत सगळ्यांना त्याची सवय झालेली. तिसऱ्या मजल्यावरचा परेश तर म्हणायचा, तो सूर ऐकला नाही तर कामाला निघाल्यासारखंच वाटत नाही. त्या सकाळी चंद्रप्रकाश येमुल लिफ्टमध्ये शिरला, दार अर्धवट अडकलं, सूर सुरू झाला आणि तो त्याला दोन जागी ऐकू आला. उजव्या कानात वरच्या सप्तकातला पंचम, सरळ, स्वच्छ. डाव्या कानात त्याच्याहून थोडा वर. पंचमही नाही आणि कोमल धैवतही नाही, मधेच कुठेतरी, जिथे कुठलाच भला सूर राहत नाही. त्याने उजव्या कानात बोट घातलं. ते काढून डाव्यात घातलं. पुन्हा उजव्यात. लिफ्ट एकच होती, सूर एकच असणार होता, पण दोन कानांनी दोन साक्षी दिल्या. दार ढकलून तो खाली निघाला तेव्हा तिसऱ्यावर परेश आत आला आणि कानात बोट घालून उभ्या असलेल्या काकांना बघून म्हणाला, पाणी गेलं का कानात? चंद्रप्रकाश हो म्हणाला. मग एका पायावर उडी मारा, डोकं तिरकं करून, असा परेशने सल्ला दिला आणि हेल्मेट चढवून तो निघून गेला.

हे आजचं नव्हतंच खरं तर. गेले काही आठवडे घरातल्या बारीकसारीक गोष्टी बिनसल्यासारख्या वाटत होत्या. कुकरची शिट्टी चिरकी झाली होती. कोपऱ्यावरच्या देवळातली घंटा कुणीतरी बदलल्यासारखी वाटत होती. आणि रत्नप्रभा, त्याची बायको, सकाळी देवापुढे फुलं वाहताना गुणगुणायची, तीही वर गेली की बेसूर होऊ लागली होती. वय झालं बिचारीचं, असं त्याने मनातल्या मनात म्हणून टाकलं होतं, आणि मोठ्या मनाने तिला काही सांगितलं नव्हतं. पण लिफ्टला कसलं वय? आणि झालंच तर ती दोन्ही कानांत सारखीच म्हातारी व्हायला हवी. मद्रासच्या दिवसांत व्हायोलिन वाजवणारे एक अण्णा होते. फार गोड हात. एके दिवशी रेकॉर्डिंगच्या मधेच त्यांनी व्हायोलिन पेटीत ठेवलं, सगळ्यांना नमस्कार केला आणि ते गावी निघून गेले ते परत आलेच नाहीत. पुढे कुणीतरी सांगितलं, की त्यांच्या दोन कानांचा काडीमोड झाला होता, एक काही सांगायचा आणि दुसरा काही. चंद्रप्रकाशला तेव्हा ते म्हाताऱ्या माणसाचं निमित्त वाटलं होतं. असला आजार असतो हे कुणाला ठाऊक?

खाली गाडी उभी होती. अंधेरीला जायचं होतं, रेकॉर्डिंगला, कितीतरी वर्षांनी. वर जावं आणि रत्नप्रभाला सांगावं असं त्याला क्षणभर वाटलं. ती खिडकीत उभीच होती, त्याची टोपी राहिली म्हणून हातात धरून हलवत होती. त्याचा चेहरा बघून तिने वरूनच विचारलं, "काय झालां?" माहेरची मालवणी तिच्या तोंडी अशी घाईच्या वेळीच यायची. काही नाही, असं त्याने हाताने सांगितलं आणि टोपी तशीच सोडून तो गाडीत बसला. या कानाचं त्या कानाला कळू द्यायचं नाही, म्हणतात तसंच झालं होतं, फक्त कळू न देणारे दोन्ही कान त्याचेच होते. गाडी निघाली तरी तो एकेक कान झाकून बाहेरची दुनिया तपासत होता. रिक्षांचे हॉर्न, ट्रकचा ब्रेक, रस्ता खणणाऱ्या यंत्राची किंकाळी. खालच्या सुरांवर दोन्ही कानांचं एकमत होतं. भांडण होतं ते वरच्या सप्तकात. आणि खरी भीती वेगळीच होती: कोणता कान खोटं बोलतोय हे त्याला कळत नव्हतं.

मुलुंडमध्ये तो येमुल काका होता. सोसायटीच्या गणपतीत माईकची खरखर घालवायला त्याला बोलवायचे, कारण तुम्ही पूर्वी संगीताचं काहीतरी करायचात ना. काहीतरी! तिकडे हैदराबादेत, विजयवाड्यात, विशाखापट्टणमला तो चंद्रम होता. नुसता चंद्रम, आडनावाची गरज नाही. तिकडे विमानतळावर पोलीस सुद्धा पाया पडत. एका गावात त्याच्या गाण्याच्या नावाने मिठाई निघाली होती, आणि ती खाऊन त्याचं पोट बिघडलं होतं. दोन तासांचं विमान मध्ये, आणि इकडे घरच्यांना भेटायला उतरलं की भाजीवाला सुट्टे नाहीत म्हणून खेकसायचा. तरुणपणी त्याला याची मौज वाटायची. मधल्या वयात राग यायचा. आता दोन्ही नव्हतं, नुसता थकवा होता, एकाच माणसाने दोन माणसांचं जगणं वाहून नेल्याचा.

त्याचा बाप तेलंगणातून आलेला पद्मशाली विणकर. इथे गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, लागला. घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि चाळीत कोकणातल्या गिरणी कामगारांची भजनं. चंद्रप्रकाशच्या हाताला पेटीची ओढ म्हणून मार्कंडेयाच्या देवळातल्या भजनाला तो बसायचा, आणि शनिवारी कोकणी मंडळींच्या भजनालाही. तिथले बुवा म्हणजे भिकाजी. दिवसभर गिरणीत राबून आलेला काटकुळा माणूस, पण गायला बसला की चाळीच्या चारी मजल्यांवरची माणसं कठड्याला यायची. या भिकाजी बुवांची एक खोड होती. गजर चढत चढत शिगेला पोचला, पखवाज, टाळ, झांजा, कोरस सगळं उधळायला लागलं, की ते अचानक पंजा उघडून धरायचे. सगळं थांबायचं. पेटीसुद्धा. आणि मग ते एकच ओळ एकटे गायचे, वरच्या सुरात, कसल्याही आधाराशिवाय. ओळ संपेपर्यंत चाळीत कुणी खोकत नसे. नंतर पखवाज पुन्हा पडायचा आणि माणसं श्वास सोडायची. तुम्ही असं का करता, असं पेटीवरच्या पोराने एकदा विचारलं, तेव्हा बुवा म्हणाले होते, "वाजपाच्या मागे दडान कोणय गाता रे. उघड्यार गावक व्हया. पडलो तर माझो मीच पडान."

या बुवांची मुलगी रत्नप्रभा. कोकणातल्या मराठ्याची पोर विणकराच्या तेलुगू पोराला द्यायला चाळ तयार नव्हती, बुवाही नव्हते. दोघांनी लग्न केलं आणि मद्रास गाठलं, कारण तेव्हा तेलुगू सिनेमा अजून तिथेच बनायचा. तिथे आधी वाद्यं वाहून नेण्याचं काम, मग पेटी, मग एका मोठ्या संगीतकाराच्या हाताखाली साथीदारांना सूर लिहून देण्याचं काम, आणि मग एका नावाड्याच्या गोष्टीवरच्या सिनेमात स्वतःची पहिली गाणी. त्यातल्या एका गाण्यात, शेवटच्या कडव्यात, वीस-पंचवीस व्हायोलिनं, बासऱ्या, ढोलकी सगळं रंगात आलेलं असताना त्याने पंजा उघडून धरला. सगळं थांबलं, तंबोरासुद्धा, आणि गायिका एक ओळ एकटी गायली. निर्माता घाबरला, थिएटरात लोकांना आवाज गेलाय असं वाटेल म्हणाला. लोकांना तसं वाटलं नाही. लोक रडले. तेव्हापासून चंद्रमच्या प्रत्येक सिनेमातल्या एका गाण्यात ती ओळ आली. लोक तिची वाट बघू लागले, पैजा लावू लागले, या वेळी कुठे येणार म्हणून. वादक तिला उघडी ओळ म्हणायचे, कारण तो स्वतः मराठीत तसं म्हणायचा आणि त्यांनीही तोच शब्द उचलला. पुढे एका विद्वानाने मोठा लेख लिहिला, की या ओळीचं मूळ आंध्रातल्या प्राचीन देवळांच्या गायकीत आहे. चंद्रमने तो लेख दोनदा वाचला आणि त्याला भिकाजी बुवांचं फाटक्या बनियनमधलं बसणं आठवलं. विद्वानाला काय सांगणार, ठेवला तसाच.

उघडी ओळ म्हणजे लपायला जागा नाही. म्हणून त्याने तिच्याभोवती नियम बांधले, आणि नियम बांधणारा माणूस जसा हळूहळू त्या नियमांचाच होऊन जातो तसा तोही झाला. गायकाने ती ओळ एका दमात, एका टेकमध्ये गायची, तुकडे जोडायचे नाहीत. पुढे कॉम्प्युटर आले, सूर पडद्यावर दिसायला लागले, पडलेला सूर उचलून जागेवर बसवता यायला लागला; तेव्हा त्याने फर्मान काढलं की माझ्या रेकॉर्डिंगला स्क्रीन भिंतीकडे. सूर कानाने ऐकायचा असतो, तो काय बाजारातला मासा आहे का डोळ्यांनी बघून घ्यायला? आणि तिसरा नियम सगळ्यांत कडक: जो टेक त्याने नापास केला तो तिथल्या तिथे पुसायचा, कायमचा, मागे काही शिल्लक ठेवायचं नाही. नाहीतर नंतर कुणीतरी त्यातला बरा तुकडा काढून चिकटवणारच. एका रेकॉर्डिस्टने चोरून ठेवला होता, त्याला पुन्हा बोलावलं नाही. हेडफोन त्याच्या नेहमी डाव्या कानावर, उजवा कान उघडा. ओके द्यायचा तो फक्त त्याने. या ओकेसाठी मोठमोठ्या गायिका काचेपलीकडे शाळकरी मुलींसारख्या उभ्या राहायच्या. त्यांना भीती वाटायची ती त्याच्या कानाची.

मग काळ बदलला, म्हणजे नेहमी बदलतो तसाच. गाण्यात थांबायला कुणाला वेळ उरला नाही. निर्माते म्हणू लागले, सर, ती शांत जागा आहे ना, तिथे लोक मोबाईल बघतात. त्याचे दोन सिनेमे पडले, तिसरा अर्ध्यात बंद झाला, आणि रत्नप्रभाच्या आईचं आजारपण निघालं तेव्हा दोघं मुंबईला आली ती इथेच राहिली. फोन कमी होत होत बंद झाला. सत्कार मात्र वाढले. सत्कार वाढले की समजावं, कामाचे दिवस संपले. शाली इतक्या झाल्या की रत्नप्रभा त्या कामवाल्या बाईला, वॉचमनला, ड्रायव्हरला वाटत सुटली, आणि थंडीच्या दिवसांत अर्धी इमारत त्याचा सन्मान पांघरून फिरायची. त्याला याचं फार दुःख झालं असंही नाही. संध्याकाळी तो पेटी काढायचा, थोडं वाजवायचा, झाकायचा. आणि मग हा किरण आला, हैदराबादेतला तरुण दिग्दर्शक, पहिलाच सिनेमा. त्याची आजी चंद्रमच्या गाण्यांवर जगली होती. त्याला फक्त एक गाणं हवं होतं आणि त्यात ती ओळ. गुडघ्यामुळे सर प्रवास करत नाहीत म्हटल्यावर त्याने अंधेरीत स्टुडिओ घेतला. आठवडाभर चंद्रप्रकाशला झोप लागली नाही, आनंदाने. हे मात्र त्याने कुणाला कळू दिलं नव्हतं.

गायिका त्याने स्वतः निवडली होती. रत्नप्रभाने मोबाईलवर एक हळदीचा कार्यक्रम दाखवला, वर्सोव्याच्या कोळीवाड्यातला. बँजो आणि ढोलकीच्या गदारोळात एक मुलगी गात होती, आणि मधेच वीज गेली. स्पीकर बंद पडला, बँजो बंद पडला, ती गातच राहिली. तिचा सूर हलला नाही. हिला बोलवा, असं तो म्हणाला. श्रुतिका तिचं नाव. बोलायला फटकळ, तेलुगू एक अक्षर येत नव्हतं, शब्द देवनागरीत लिहून घेतले आणि दोन दिवसांत असे बसवले की किरणला ती नेल्लूरची वाटली. नुव्वु रानि दारि, तू न येणारी वाट, अशी ती ओळ होती. मुलाची वाट बघणाऱ्या आईची. ती तार गंधारापर्यंत चढायची, तिथे थांबायची आणि उतरायची नाही, तिथेच विझायची. एवढं मोठं काम तिला आजवर कुणी दिलं नव्हतं. सकाळी स्टुडिओत आली तेव्हा तिने त्याच्या पाया पडून सांगितलं, की घरी सगळ्यांनी आज धंद्याला सुट्टी घेतलीय, जणू गाणार तेच आहेत.

तो आत बसला. रेकॉर्डिस्ट प्रीतम, अंधेरीत इतक्या स्टुडिओंत मिळून एकच असेल असा आज्ञाधारक, त्याने कुणी न सांगताच स्क्रीन भिंतीकडे वळवून ठेवली होती. किरण मागच्या सोफ्यावर हात जोडल्यासारखा बसला होता. चंद्रप्रकाशने सवयीने हेडफोन डाव्या कानावर ठेवला. मग क्षणभर तो उजव्यावर न्यावा का, असा विचार त्याच्या मनात आला. पण उजव्यावर त्याचा भरवसा कधीच नव्हता. तो कान शाळेत मास्तरांनी पिळून पिळून लांबवलेला. डाव्या कानाने सगळी कारकीर्द चालवली होती. घरच्या कर्त्या माणसावर शंका घ्यायची कशी? गाणं सुरू झालं. मुलगी सुंदर गात होती, खाली, मधे, सगळीकडे. मग वाद्यं थांबली. तंबोरा थांबला. उघडी ओळ आली, चढली, आणि गंधारावर पोचली तेव्हा डाव्या कानात तो वर गेलेला होता. स्पष्ट, बोचण्याइतका वर. प्रीतमच्या अंगावर शहारा आलेला त्याला दिसला. किरणने डोळे मिटले होते. यांना काय कळतंय, असं त्याच्या मनात आलं, आणि दुसरं मन म्हणालं, लिफ्ट. त्याने दुसऱ्या मनाचं ऐकलं नाही. इतक्या वर्षांनी बोलावलं होतं त्याला, त्याच्या कानासाठी बोलावलं होतं. त्या कानाचं नाही ऐकायचं तर कुणाचं? चढतोय गं, थोडा खाली घे, असं त्याने माईकवरून सांगितलं. प्रीतमने विचारलं, पुसू? पूस, तो म्हणाला. तो टेक गेला.

दुसराही चढला. तिसराही. प्रत्येक वेळी ती बरं सर म्हणायची, पाणी प्यायची, पुन्हा गायची, आणि प्रत्येक वेळी प्रीतम पुसू का विचारायचा. एकदा ती म्हणाली, सर, मला तर बरोबर वाटतोय. तेव्हा चंद्रप्रकाशच्या तोंडून जुना चंद्रम बोलला, तुला काय वाटतं ते मी विचारलं नाही. काचेपलीकडे मुलीचा चेहरा आक्रसला. हळूहळू ती खाली यायला लागली, भीतभीत, अंधारात पायरी चाचपडावी तशी. डाव्या कानाला बरं वाटू लागलं. उजवा कान मात्र, जो उघडा होता आणि ज्याला समोरच्या स्पीकरमधून ऐकू येत होतं, तो कण्हायला लागला. त्याने हेडफोन घट्ट दाबला. खोलीत सगळे त्याच्याकडे बघत होते आणि कुणीच काही बोलत नव्हतं. सरांचा कान म्हटल्यावर बोलणार कोण? किरण मधून मधून सुपर सर म्हणत होता, पहिल्या टेकलाही म्हणाला होता आणि आत्ताच्यालाही. शेवटी थोडं थांबू या, असं चंद्रप्रकाश म्हणाला, खाऊन घ्या.

त्याला भूक नव्हती. बाहेर पॅसेजमध्ये श्रुतिका भिंतीकडे तोंड करून उभी होती, मोबाईलवर तंबोरा लावलेला, एका कानात बोट. ती गंधार लावायची, थांबायची, मान हलवायची, पुन्हा लावायची. लावायच्या आधीच कचरायची. सकाळी हीच मुलगी सरळ सुरावर जाऊन बसत होती. त्याला बघून तिने मोबाईल बंद केला. डोळे लाल झाले होते.

"सर, एक विचारू? माझ्या कानातच काही प्रॉब्लेम असेल का? लहानपणी कान फुटायचा माझा. आई म्हणते, तेच असेल. उद्या दाखवून येते ना डॉक्टरला."

वीज गेली तरी न हललेला सूर त्याने एका सकाळीत हलवला होता, आणि तो तर कुठे ओरडलाही नव्हता. ही आता घरी जाईल, आणि यापुढे प्रत्येक वरच्या सुराआधी कचरेल, आयुष्यभर. लोक म्हणतील, चांगली गायची, पण वर गेली की अडते. कुणाला कळणारही नाही कशामुळे. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि भीतीही वाटली, की हे सांगितलं तर चंद्रम संपला. आता मागे उरेल तो फक्त येमुल काका, सोसायटीच्या माईकची खरखर घालवणारा. तीही आता त्याला नीट ऐकू येणार नव्हती.

तो आत गेला. प्रीतम डबा उघडून बसला होता. "स्क्रीन वळव," तो म्हणाला. प्रीतमला वाटलं, आपण काही चुकीचं ऐकलं. पुन्हा सांगावं लागलं. स्क्रीन वळली, तिच्यावर आडव्या रेषा होत्या आणि त्या रेषांवर मुलीचा आवाज ठिपक्यांच्या माळेसारखा पसरलेला होता. शेवटचा टेक. खालचे सूर रेषेवर नीट बसलेले, आणि गंधार, त्याच्या डाव्या कानाला आवडलेला गंधार, रेषेच्या चांगलाच खाली लोंबत होता. सूर डोळ्यांनी बघायची वेळ आली होती. पहिला टेक कुठेय, असं त्याने विचारलं. प्रीतमने मान खाली घातली. पुसला, सर. तुम्ही सांगितलंत ना. काहीच नाही उरलेलं? नाही सर, तुमचा नियम आहे तो. मग प्रीतम हळूच म्हणाला, तो रेषेवरच होता, असं मला वाटतं, पण स्क्रीन भिंतीकडे होती.

श्रुतिका परत काचेपलीकडे येऊन उभी राहिली, हेडफोन घालून, कागद धरून. किरणही आला. चंद्रप्रकाशने माईकचं बटण दाबलं.

"श्रुतिका, तुझा कान ठीक आहे. माझा गेलाय. डाव्या कानाला मला वरचं चढं ऐकू येतं. आज सकाळीच कळलं, पण मी मानलं नाही. तू पहिल्यापासून सुरात होतीस."

आधी किरण बोलला, तेलुगूत, फार आदराने, सोफ्यावरून उठून. काहीच अडचण नाही, सर. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. शेवटचा टेक आहे ना, प्रीतमभाई तो दोन मिनिटांत वर उचलून बसवतील, बाहेर कुणाला कळणार नाही. तुमचं नाव आहे, तुमची ओळ आहे, आम्हाला तेवढं पुरे. तो मनापासून बोलत होता. चंद्रप्रकाशला एकदम फार थकल्यासारखं झालं. त्याचा कान नसला तरी काही अडत नव्हतं. कदाचित त्या पोराला तो कधी लागलाच नव्हता, नाव लागलं होतं.

काचेपलीकडची मुलगी मात्र रागावली होती. "सर, मला खाली आणलंत तुम्ही," ती म्हणाली. "आता माझं मलाच कळत नाहीये, कुठे लावू."

हे खरं होतं. मग तो म्हणाला, की उचलायचं काही नाही, ती पुन्हा गाईल. स्क्रीन परत भिंतीकडे करा. प्रीतमने काही सांगायचं नाही, किरणने काही सांगायचं नाही, तो स्वतः बाहेर जाऊन बसतो. ज्या वेळी तिला वाटेल की लागला, त्या वेळी तिने थांबायचं. तिने विचारलं, आणि ओके कोण देणार? तो म्हणाला, तूच. तिने हेडफोन कानांवर नीट केला. तो बाहेर आला आणि त्याच्यामागे ते जाड दार लागलं.

पॅसेजमधल्या बाकावर काहीच ऐकू येत नव्हतं. दारावरचा लाल दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. आत ती गात असणार, थांबत असणार, पुन्हा गात असणार, आणि त्याला कुठल्याच कानाने त्यातलं काही कळणार नव्हतं. रत्नप्रभाचा फोन आला, जेवलात का म्हणून. त्याने तिला सांगून टाकलं. मग तो म्हणाला, मला वाटत होतं तूच बेसूर झालीयस. बोलला नाहीत ते, ती म्हणाली. तो म्हणाला, वाटलं, वय झालं तुझं. फोनमध्ये ती हसली की रडली हे त्याला ओळखता आलं नाही. येताना डॉक्टरकडे जाऊ, घाटकोपरला एक चांगला आहे, मी तिथेच येते, असं म्हणून तिने फोन ठेवला. लाल दिवा लागलेलाच होता. या वेळी तो बराच वेळ लागलेला राहिला.

दार उघडून श्रुतिका बाहेर आली. केस घामाने कपाळाला चिकटले होते. ती त्याच्या शेजारी बाकावर बसली, विचारल्याशिवाय, घरातल्या माणसासारखी. सगळ्या आयुष्यात त्याने कुठल्या गायिकेला जे विचारलं नव्हतं ते त्याने विचारलं, "कसं झालं?"

"लागला," ती म्हणाली. मग बाटलीचं झाकण फिरवत राहिली. "पण पहिला लागला होता ना सकाळी, तसा नाही. तसा आता नाही लागत. तो गेला, सर."

त्याला फार वाईट वाटलं. आणि त्याच वेळी बरंही वाटलं, कारण ती खोटं बोलली नव्हती. कोणता सूर पूर्ण आणि कोणता थोडा कमी हे तिला अजून कळत होतं. किरण दार उघडून धावत बाहेर आला, सुपर सर, सुपर, एकदा आत येऊन ऐका, फायनल आहे, असं म्हणू लागला.

"तिने ऐकलंय," चंद्रप्रकाश म्हणाला आणि बाकावरून उठला नाही.